आत्याचा निनावी परीक्षक

लोपेतीला नाही म्हणता येत नसे. म्हणजे तोंडाने. कागदावर म्हणाल, तर त्याच्यासारखा नाही म्हणणारा माणूस अख्ख्या टोंगात सापडला नसता. शेजारी येऊन म्हणायचा, "लोपेती, तुझी गाडी दोन दिवस नेतो हं," की हा म्हणायचा, "ने की!" आणि मग स्वतः दोन दिवस उन्हातून घाम पुसत कचेरीत जायचा. पण त्याच शेजाऱ्याने एखादा निबंध लिहून पाठवला असता, तर लोपेतीने पहिल्याच वाक्याला लाल शाईने गोल करून बाजूला लिहिलं असतं, "हे कशावरून?"

त्याचं कामच ते होतं. आमच्या राजधानीत, नुकुआलोफात, शिक्षकांना शिकवणारी एक छोटीशी संस्था आहे. तिच्या मागच्या अंगाला, आंब्याच्या झाडाखाली, एका खोलीतून 'काफा' निघतं. काफा म्हणजे आमची नारळाच्या काथ्याची वळलेली दोरी. घराचे वासे तिनेच बांधायचे, होडीही तिनेच. विज्ञान, तंत्र, कला आणि गणित हे वेगवेगळे पदर एकत्र वळून पोरांना कसं शिकवावं, यावरचे शोधनिबंध छापणारं हे नियतकालिक, म्हणून नाव काफा. वर्षातून दोनदा निघायचं. निघायचं म्हणजे, निघायला हवं असायचं. एकदा चक्रीवादळात छापखान्याचं छप्पर उडालं, तेव्हा दोन अंक एकत्र बांधून वर 'जोडअंक' असं छापलं, जणू काही आधीपासून ठरवलंच होतं.

प्रमुख संपादक डॉक्टर अलिसी. ती मूळची आमचीच, पण राहायला ऑकलंडला. इथे बेटावर सगळा कारभार लोपेतीचा. संपादन तो करणार, मुद्रितं तो तपासणार, लेखकांना आठवणीची पत्रं तो लिहिणार आणि पंखा बंद पडला तर स्टुलावर चढून पात्याला टिचकीही तोच मारणार. त्याआधी कितीतरी वर्षं तो शाळेत गणित शिकवत होता. तिथेही पोरांना तोंडावर 'चूक' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. वहीत मात्र फुल्याच फुल्या. पोरं बिचारी घरी जाऊन वही उघडायची आणि मग रडायची.

काफाचा एक कडक नियम होता. निबंध आला की अलिसी त्यावरून लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शाळा सगळं पुसून टाकायची आणि मगच तो लोपेतीकडे पाठवायची. लोपेती तो दोन परीक्षकांना द्यायचा. कोणी लिहिलंय ते परीक्षकाला ठाऊक नाही, कोण तपासतंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. बाहेरच्या जगात चालत असेल हे. आमच्याकडे? अहो, आमच्याकडे रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर कोण खोकलं, ते पुढचे लोक मान न वळवता सांगतात! एका निबंधात डुकराच्या गोठ्याचा फोटो होता. नाव, गाव सगळं पुसलेलं. परीक्षकाने पहिली ओळ काय लिहावी? "हे डुक्कर माझ्या मेहुण्याचं आहे, तेव्हा मी मत देऊ शकत नाही."

तरीही लोपेतीचा त्या नियमावर भारी जीव. त्या नियमाच्या आड उभं राहिलं की त्याला मनातलं लिहिता यायचं. एरवी जन्मभर सगळ्यांना 'हो, हो' करणारा माणूस तिथे ताठ बसायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि लिहायचा, "लेखकाचं हे म्हणणं मला पटत नाही." मग स्वतःच ते वाक्य दोनदा वाचायचा, खूश होऊन.

आता आत्या.

लोपेतीची आत्या मेलेनाइते, वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या रीतीने सगळ्या घरात मानाने वरची. वडील गेले तेव्हा उशाशी ती बसली, आणि लोपेती सुतकाच्या रीतीप्रमाणे फाटकी चटई कमरेला गुंडाळून मागे चुलीवर लाकडं सारत होता. त्याच्या लग्नात सगळ्यात भारी चटई तिच्याकडे गेली, केकचा वरचा मजला तिच्याकडे गेला. पहिल्या मुलाचं नाव तिने ठेवलं. दुसऱ्याचंही. एकदा येऊन म्हणाली, "ती पांढरी डुकरीण बरी दिसते रे," तर संध्याकाळी डुकरीण तिच्या अंगणात. यात कोणाला काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता. आत्या ती आत्या. 'आत्या, तुमचं चुकलं' हे वाक्य आमच्या भाषेत बोलता येतं, पण बोललेलं कोणी ऐकलेलं नाही.

आणि बाई वाईट होती म्हणाल तर मुळीच नाही. लोपेतीची आई लवकर गेली, त्यानंतर यालाच काय, याच्या तिन्ही भावांना तिने जेवू घातलं, अभ्यासाला बसवलं, बदडलं, कुशीत घेतलं. जन्म सगळा खेड्यातल्या शाळेत शिकवण्यात गेला. अर्धं बेट तिच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त झाली तरी दर शुक्रवारी शाळेत जायचीच. मुलांना अंगणात बसवून तुतीच्या सालीचं कापड करायला लावायची. साल कुटायची, तुकडे खळीने जोडायचे, खाली नक्षीचा साचा ठेवून वरून तपकिरी रंग घासायचा. त्यातच मोजमाप, त्यातच भूमिती, त्यातच रंग कशाने गडद होतो ते रसायन. "वेगवेगळे तास कशाला हवेत?" ती म्हणायची. "कापडाला काय ठाऊक आता कुठला तास चाललाय ते!"

हे सगळं कधीतरी लिहून काढावं, असं तिच्या मनात होतं. पण ती ते कोणाला बोलली नव्हती. लोपेतीला तर नाहीच नाही.

एके दिवशी अलिसीकडून एक निबंध आला. सालीच्या कापडातून गणित आणि विज्ञान. लोपेतीने एक प्रत फिजीत, सुवाला, एका परीक्षकाला पाठवली. दुसरे परीक्षक इथलेच, ते नेमके आजारी पडले. अंक तर तोंडावर आलेला. तेव्हा नेहमीप्रमाणे लोपेतीने स्वतःच बाह्या सरसावल्या.

निबंध इंग्रजीत होता आणि इथेच घात झाला. लोपेतीने जन्मभर आत्याला टोंगनमध्येच ऐकलेलं. "ऊठ," "जेव," "मूर्खा, इकडे ये." इंग्रजीत मात्र आत्या भलतीच कोणी झाली होती. 'प्रस्तुत संशोधिकेच्या असे निदर्शनास आले की' अशी कडक इस्त्रीची वाक्यं! ती वाचून लोपेतीच्या डोळ्यासमोर उभी राहिली ऑस्ट्रेलियाहून तीन महिन्यांसाठी आलेली एखादी स्वयंसेविका. नाक उन्हाने सोललेलं, गळ्यात शिंपल्यांची माळ. येतात तशा पुष्कळ, आणि येतात त्या सगळ्या सालीच्या कापडावरच लिहितात. त्याचा हात एकदम मोकळा सुटला.

रंगाचा भाग खरंच चांगला होता. तसं त्याने एका ओळीत लिहिलंही. पण मोजमापाच्या भागात तो अडला. वर्गातल्या प्रत्येक मुलाने पसरलेल्या कापडाची लांबी वितीने मोजली, असं लिहिलं होतं. आणि उत्तर? सगळ्यांचं चाळीस विती. झाडून सगळ्यांचं! लोपेतीने चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहायला घेतलं.

"दहा वर्षांच्या पोराची वीत आणि चौदा वर्षांच्या पोरीची वीत सारखी कशी? सगळ्यांचं उत्तर एकच आलं, यावर लेखिकेला आनंद झालेला दिसतो. मला शंका आली. मापं घेताना, उत्तर आधीपासून माहीत असलेलं कोणी मोठं माणूस तिथे उभं होतं का? माझ्या मते ही मुलांची मापं नव्हेत. हा मुलांचा नम्रपणा आहे. हा भाग पुन्हा करावा, नाहीतर निबंध छापण्यात अर्थ नाही." आणि मग शाई अजून ओली आहे म्हणून की काय, शेवटी आणखी एक वाक्य, "लेखिकेने टोंगामध्ये आणखी थोडे दिवस राहावं, म्हणजे इथल्या मुलांची नीट ओळख होईल."

हे शेवटचं वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी जेवताना त्याने बायकोला, एसेताला, ते म्हणून दाखवलं. हसलाही.

पुढच्याच महिन्यात लोपेतीला पन्नास पूर्ण झाली. अंगणात मांडव घातला, जमिनीतल्या भट्टीतून डुकरं निघाली, अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेली मांसाची लू निघाली, रताळी, सुरण, कच्ची मासळी, काही म्हणून कमी नाही. सगळ्यात वरच्या चटईवर आत्या. केकचा वरचा मजला तिच्या पुढ्यात. जेवणं अर्ध्यावर आली तशी ती उठून उभी राहिली. लोकांना वाटलं, आशीर्वाद देते आहे. सगळ्यांनी हातातला घास खाली ठेवला, डोळे मिटले.

"डोळे उघडा," आत्या म्हणाली. "मी एक निबंध लिहिला."

टाळ्या!

"टाळ्या नंतर. आधी ऐका, त्यावर कोण काय म्हणतंय ते." तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. इंग्रजीचं टोंगन ती उभ्या उभ्या करत होती आणि ते मुळापेक्षाही झोंबरं होत होतं.

लोपेतीच्या तोंडात डुकराच्या कुरकुरीत कातडीचा मोठा तुकडा होता. पहिल्याच वाक्याला तो चावायचा थांबला. 'हा मुलांचा नम्रपणा आहे' इथे त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि आत्याने कागद खाली करून, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत शेवटचं वाक्य तोंडपाठ म्हटलं, "लेखिकेने टोंगामध्ये आणखी थोडे दिवस राहावं!" तेव्हा तो तुकडा सरळ घशात जाऊन अडकला. एसेताने पाठीत दणादण गुद्दे घातले. तुकडा बाहेर आला. लोपेतीच्या डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, बघा, भाच्याला किती लागलं ते!

"चौऱ्याहत्तर वर्षं राहिले मी!" आत्या गरजली. "आणखी किती राहू? कोण आहे हा गाढव?"

मांडवात एकच गलका उठला. चुलतभाऊ पौला पोलिसात होता, तो म्हणाला, "आत्या, फक्त नाव सांगा. उद्यापासून रोज त्याच्या गाडीचे दिवे तपासतो."

पाद्रीबाबा चाचरत म्हणाले, "मेलेनाइते, क्षमा ही फार मोठी..."

"क्षमा रविवारी," आत्या म्हणाली. "आज शनिवार आहे. लोपेती!"

"हो, आत्या."

"तू त्या कचेरीत बसतोस ना? शोधून काढ."

"हो, आत्या," लोपेती म्हणाला. दुसरं त्याला येत काय होतं?

पाहुणे पांगल्यावर एसेता भांडी गोळा करता करता अचानक खाली बसली आणि पोट धरधरून हसायला लागली. "आणखी थोडे दिवस राहावं! अरे, माझ्या समोर बसून म्हणाला होतास तू! वर रताळं खात होतास!"

"हसू नकोस गं. माझा जीव जायची वेळ आलीये."

"जीव मघाशीच चालला होता. मी परत आणला." मग ती डोळे पुसून जरा गंभीर झाली. "आता काय करणार तू?"

तेच तर कळत नव्हतं. करायचं म्हटलं तर सोपं होतं. एक ओळ लिहायची, 'पुन्हा वाचलं, सगळं ठीक आहे, छापावं.' आत्या खूश, घर खूश, पौला दुसऱ्या कोणाचे दिवे तपासायला मोकळा. पण काफा फिजीत जातं, सामोआत जातं, ऑकलंडला जातं. तिथे कोणाची ती आत्या नाही. तिथले लोक त्या चाळीस वितींवर बोट ठेवून हसणार. आपल्या आत्याला कोणी परकं हसतंय, हे चित्र लोपेतीला सहन होईना. आणि लिहिलेलं तसंच ठेवावं, तर? ती रागाने तो निबंध भट्टीत टाकायची. तिचं जन्मभराचं काम, शुक्रवारची ती अंगणं, सगळं तिच्याबरोबरच जायचं. यातलं काहीही झालं असतं तरी लोपेतीला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं.

सोमवारी त्याने अलिसीला फोन लावला. ती आधी भरपूर हसली. हसण्याच्या बाबतीत बायकांची एकी असते. मग म्हणाली, "आता तुला मत मागे घ्यायचंय?"

"ती माझी आत्या आहे."

"ते विचारलं नाही मी. तू चुकीचं लिहिलं होतंस का?"

"नाही," लोपेती म्हणाला. "शेवटचं वाक्य सोडून."

"सुवाच्या परीक्षकानेही मापांबद्दल तेच म्हटलंय, फक्त गोड शब्दांत. आता दुसरा परीक्षक तिचा भाचाच निघाला, तेव्हा छापायचं की नाही ते सुवाच्या मतावर ठरेल. पण तू वाचत राहा."

"तुझा नियम काय सांगतो?"

"नियम सांगतो, दुसरा माणूस बघ. बघ बेटावर. तिचा भाचा नसेल तो तिचा विद्यार्थी असेल. मीसुद्धा तिच्याकडेच मुळाक्षरं शिकले, बाबा. कान पिळायची माझा. मी तिला काही लिहू शकेन असं वाटतं तुला?"

मग लोपेतीने ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. पाय धरायचे आणि वर विनंती करायची, आत्या, मला काय बोलायचं ते बोला, पण मापं पुन्हा घ्या. धीर गोळा व्हायला एक शुक्रवार तसाच गेला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने कमरेला चांगली चटई बांधली, भाजलेलं डुकराचं पिल्लू घेतलं, सुरणाची टोपली घेतली आणि आत्याचं गाव गाठलं.

आत्या पुढच्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. परसात बायका साल कुटत होत्या, त्याचा ठोक्याठोक्याने आवाज येत होता. लोपेती ओसरीच्या कडेलाच मांडी घालून बसला, मान खाली. पिल्लू पुढे सरकवलं.

"हे कशाला?" आत्या म्हणाली. "कोणी मेलंय का?"

"आत्या, मला एक सांगायचंय."

"मलाही. आधी मी." हा क्रम बदलण्याची काही सोयच नव्हती. "ते पत्र आल्यावर आठवडाभर माझ्या अंगाची लाही झाली. कोणी म्हणून मला असं बोललेलं नाही रे. तुझ्या आजोबांनीसुद्धा नाही. मग म्हटलं, थांब, या गाढवाला दाखवतेच. गेल्या शुक्रवारी पोरांकडून पुन्हा मोजून घेतलं कापड. मी स्वतः उभी राहिले कमरेवर हात ठेवून. एकेकाला विचारलं. चाळीस, बाई. चाळीस, बाई. चाळीस. मी म्हटलं, झालं की नाही!"

"हो, आत्या."

"हो काय हो? ऐक पुढे. शेवटचं पोर होतं ते आमचं बारकं, पिता नावाचं. एवढासा हात त्याचा, खेकड्याएवढा. त्याला मी मोजताना बघितलं. चाळीसला त्याचा हात कापडाच्या मध्यावरही नव्हता पोचला. ते तिथे थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणालं, चाळीस, बाई."

परसातला आवाज थांबला होता. बायका कान देऊन ऐकत असणार.

"मला पत्रातलं ते आठवलं," आत्या म्हणाली. "उत्तर माहीत असलेलं कोणी मोठं माणूस तिथे उभं होतं का? होतं ना! मीच होते. आज काय केलं माहितीये? वर्गाबाहेर जाऊन बसले. आत एक टोपली ठेवली. म्हटलं, एकेकाने मोजा, आकडा चिठ्ठीवर लिहा, टोपलीत टाका. नाव लिहायचं नाही. नाव लिहिलंत तर खबरदार." ती एकाएकी हसायला लागली. अंग गदगदा हलायला लागलं तिचं. "काय काय निघालं त्या टोपलीतून! पन्नास, पंचावन्न, एकोणचाळीस. एकाने लिहिलं नव्वद. एकाने लिहिलं, मी मोजलंच नाही, मला भूक लागलीये. आणि मग पोरं जी भांडायला लागली! माझा हात मोठा, तुझा लहान, मग खरी लांबी कुठली, मग सगळ्यांसाठी एकच वीत ठरवू या का, कोणाची ठरवायची? अरे, तास संपला तरी हलेनात. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात पोरं कधी भांडली नव्हती."

हसता हसता तिचा आवाज बदलला. "इतकी वर्षं, लोपेती. मला वाटायचं, मी मोजायला शिकवतेय. मी हो म्हणायला शिकवत होते."

लोपेतीला एकदम तिचा फार कळवळा आला. एवढी मोठी बाई, सगळ्या घराच्या वर बसलेली, आणि तिच्याशी खरं बोलायला कोणी नाही. "आत्या," तो म्हणाला, "तो जो परीक्षक आहे ना, तो..."

"गप्प!"

आत्याने हात वर केला.

"नाव सांगायचं नाही मला. त्या दिवशी रागात म्हटलं शोध म्हणून, आता नको. या बेटावर कोणाचंही नाव घे, तो माझा कोणीतरी लागणार. एकदा का नाव कळलं की मला त्याच्यावर रागवावं लागेल, त्याला माझ्या पाया पडावं लागेल, आणि मग परत सुरू, हो आत्या, छान आत्या. सगळ्या जन्मात एक माणूस भेटला ज्याने माझं लिहिलेलं खरोखर वाचलं. तो मला तसाच हवाय, बिननावाचा. कळलं?"

"हो, आत्या."

"आणि तुझ्या कचेरीत तो कधी भेटलाच, तर त्याला म्हणावं, पुढच्या वेळी उगाच मऊ लिहू नको. मला लगेच कळेल." तिने पिल्लाचा एक पाय तोडून त्याच्या हातात दिला. "हं, खा. सावकाश खा. मांडवातल्यासारखा घशात अडकवून घेऊ नकोस."

लोपेतीने वर बघितलं. आत्या परसाकडे तोंड करून बायकांना ओरडत होती, हात का थांबले म्हणून.

दोन महिन्यांनी दुरुस्त केलेला निबंध आला, नाव पुसलेला. लोपेतीने आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकली आणि वाचायला बसला. इस्त्री बरीच उतरली होती. 'प्रस्तुत संशोधिका' जाऊन सरळ 'मी' आली होती. टोपली होती, चिठ्ठ्या होत्या, नव्वद विती होत्या, भूक लागलेलं पोरही होतं. सुवाच्या परीक्षकाने 'अवश्य छापावा' असं आधीच कळवलं होतं. लोपेतीचं मन इतकं भरून आलं की त्याला आता लाल पेन खाली ठेवावंसं वाटलं. तेवढ्यात शेवटच्या पानावर त्याची नजर गेली. तिथे लिहिलं होतं, 'टोपलीची ही पद्धत सर्व मुलांना फार आवडली.'

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. आत्या ती आत्याच. पण ती म्हणाली होती, मऊ लिहू नको म्हणून. तेव्हा खरं पाहता हा हुकूमच होता. त्याने समासात लिहिलं, "हे टोपलीत विचारलं होतं का?"

पंधरवड्यात उत्तर आलं. वाक्य बदललं होतं, 'ही पद्धत बहुतेक मुलांना आवडली. तिघांना आवडली नाही. एकाने लिहिलं, बाई बाहेर बसल्या की जास्त बरं वाटतं.' लोपेती एकटाच इतका मोठ्याने हसला की शेजारच्या खोलीतला हिशेबनीस बघायला आला.

अंक छापून आला त्या रविवारी आत्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. अंक हातोहात फिरला. "वा, आत्या!" "काय लिहिलंय, आत्या!" पौलाने तर अंक उलटा धरूनच मान डोलावली. शेवटी तो लोपेतीकडे आला.

"तुला कसा वाटला?" आत्याने विचारलं.

"छान, आत्या," लोपेती म्हणाला.

"तू छानच म्हणणार," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट होतं. डुकराच्या पाठीचा तुकडा, म्हणजे तिचा स्वतःचा वाटा, ज्याला दुसरं कोणी हात लावत नाही तो, आणि दोन लू, आणि मोठं रताळं. सगळे बघतच राहिले. आत्या आपल्या पुढ्यातलं दुसऱ्याला देतेय, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"हे त्या परीक्षकाला," आत्या म्हणाली. "लोपेती, जाता जाता पोचवशील?"

"हो, आत्या."

"गार होऊ देऊ नकोस."

ताट मांडीवर घेऊन एसेता गाडीत बसली. अर्ध्या वाटेत, समुद्राच्या कडेला, लोपेतीने गाडी थांबवली. दोघांनी पान उघडलं आणि बोटं चाटत सगळं ताट संपवलं. सोमवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"पोचलं का रे त्याला?"

"पोचलं, आत्या."

"काय म्हणाला?"

लोपेतीने चष्मा कपाळावर सरकवला. खिडकीबाहेर आंबा हलत होता. "म्हणाला, सगळं उत्तम होतं," तो म्हणाला. "फक्त लूमध्ये मीठ जरा कमी होतं."

पलीकडून आत्याचं हसू ऐकू आलं, ते बराच वेळ थांबलं नाही.